घरगुती कोंबड्यांची निपज: नर कोठून आणावा व संकर कसा करावा

घरच्या कोंबड्यांत नवें रक्त आणावयाचें असें ठरलें म्हणजे शेतकरी प्रथम आठवड्याचा बाजार गांठतो, आणि तेथेंच बहुधा फसतो. बाजारांतील पक्ष्याचे आईबाप कोण हें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें. शिवाय दहा गांवचे पक्षी एका डालग्यांत कोंबलेले असल्यामुळें मानमोडीसारखा रोग सोबत घेऊन येण्याचें भय निराळेंच. म्हणून जातिवंत पक्षी ज्या प्रांतांत पिढ्यान् पिढ्या पाळला जातो तेथून, किंवा कृषी विज्ञान केंद्र अथवा सरकारी उबवणी केंद्र येथूनच आणावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

आपल्या उपयोगाच्या देशी जाती तीन. नंदुरबारकडे व त्यालगतच्या गुजराथेंत आढळणारा बसरा लहान, चपळ व रानांत स्वतः पोट भरणारा. आंध्र, ओडिशा व छत्तीसगड इकडील असील उंच, मांसल. नर चार-पांच किलो भरतो. असीलाची मादी अंडीं थोडीं घालते, पण खुडूक बसली म्हणजे अंडीं नेटानें उबवते व पिलांवर मुंगसालाही धांवून जाते. इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत याच असीलाच्या रक्तापासून कॉर्निश जात निघाली आणि तिचा अंश आजच्या ब्रॉयलरांत उतरला आहे. ज्या ब्रॉयलरनें गांवरान कोंबडीस मागें सारलें, त्याच्याही अंगीं आपलेंच रक्त आहे म्हणावयाचें!

तिसरी जात कडकनाथ. हिच्याविषयीं अधिक लिहिणें भाग आहे, कारण फसवणूक हिच्याच नांवावर सर्वांत जास्त होते. मूळ ठिकाण मध्यप्रदेशांतील झाबुआ, अलिराजपूर व धार हे जिल्हे. झाबुआच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुढच्याच वर्षीं, २०१९ सालीं, पश्चिम महाराष्ट्रांत एका कडकनाथ-योजनेंत अनेक शेतकऱ्यांचा पैसा बुडाला. पिलें व खाद्य भारी दरानें गळ्यांत मारावयाचें आणि अंडीं परत घेण्याचें वचन द्यावयाचें, अशी ती रीत होती. अंडीं दुसरा कोणी घेईल या भरंवशावर नव्हे, तर आपल्या घरीं व आपल्या बाजारांत किती खपतील यावरच पक्ष्यांची संख्या ठरवावी.

आतां काळ्या रंगाची परीक्षा. कडकनाथाचें कातडें, मांस, हाडांवरील आवरण हीं सारीं काळीं असतात, व हा गुण संकरांतही प्रबळ राहतो. परंतु त्यास दाबून ठेवणारा दुसरा एक गुण आहे. तो लिंगाशीं निगडित असून पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या जातींत आढळतो. बेटसन व पनेट या शास्त्रज्ञांनीं १९११ सालीं अशाच काळ्या कातडीच्या सिल्की जातीचा नर तपकिरी लेगहॉर्न माद्यांशीं जुळविला, तेव्हां तलंगा काळ्या निघाल्या व नर मात्र फिकट. मादीला हा दाबणारा गुण बापाकडूनच मिळूं शकतो. सिल्की बापापाशीं तो नव्हता, म्हणून असें झालें. कडकनाथाचा काळेपणाही त्याच जातीचा आहे. सबब कडकनाथ नर व ऱ्होड आयलंड रेड माद्या यांच्या संकरांतील काळी तलंग अस्सल म्हणून सहज खपविली जाते. विकत घेतांना त्याच खेपेचे वाढलेले नर दाखवावयास सांगावें. त्यांचे पाय व कातडी फिकट दिसली तर माल मिश्र समजावा. मात्र संकरांतील माद्या काळसर पायांच्या गांवरान असतील तर हा भेद दिसेलच असें नाहीं.

अंडीं वाढविण्यासाठीं संकर करावयाचा असल्यास गांवरान माद्यांवर ऱ्होड आयलंड रेडचा नर सोडावा. आठ-दहा माद्यांस एक नर पुरे. नर बदलल्यावर लगेच अंडीं उबवूं नयेत. जुन्या नराचें वीर्य मादीच्या पोटांत दोन आठवड्यांपर्यंत टिकतें. म्हणून तीन आठवडे जाऊं द्यावे, नाहीं तर पिलूं कोणाचें हें कळणार नाहीं. उबवणीस सात दिवसांच्या आंतलीं अंडीं घ्यावीं.

या पहिल्या पिढीपुढें त्याच रक्ताचा नर पुनः पुनः जुळवीत जाण्याचा मोह आम्हांस पसंत नाहीं. अर्ध्याचें पाऊण रक्त झालें कीं अंडीं कदाचित् वाढतात, पण खुडूक बसण्याची व रानांत चरण्याची संवय उतरत जाते, आणि मग उबवणीचें यंत्र व विकतचें खाद्य आलेंच. संकरित भावंडें आपसांत जुळविल्यास तर संतती एकसारखी येत नाहीं. वनराजा, गिरिराज यांच्या अंड्यांविषयीं हाच अनुभव येतो. म्हणून शुद्ध गांवरान माद्यांचें एक लहान खुराडें वेगळें राखावें व संकर दरवर्षीं नव्यानें करावा. त्या शुद्ध कोंबड्यांचा नरही दरसाल दुसऱ्या गांवाहून अदलाबदल करून आणावा.

आणलेला कोणताही पक्षी तीन आठवडे निराळा बांधावा. पिलांना पांचव्या ते सातव्या दिवशीं मानमोडीची लस डोळ्यांत टाकावी, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी टोंचावी.