विजेच्या सायकलीसाठी सौर चार्जर : आधी हिशेब, मग जोडणी
(इयत्ता ६ वी व ७ वी : विज्ञान, गणित व कार्यानुभव)



शाळाभेटीच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. आपल्यापैकी काहीजण आता विजेच्या सायकलीने शाळेत येतात. वाडीवरची शाळा दहा-बारा किलोमीटर दूर, चढउताराची वाट आणि घरी वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मग साहजिकच विचारणा होते, "साहेब, शाळेच्या छतावर एवढे ऊन वाया जाते, त्यावर आमची सायकल चार्ज करता येणार नाही काय?"

करता येईल. किंबहुना, सायकल घरी असते तेव्हा बहुधा रात्र असते आणि सूर्य माथ्यावर असतो तेव्हा ती शाळेच्या आवारात उभी असते. म्हणून सौर चार्जरची खरी जागा शाळेचे छत हीच होय. मात्र हे काम तारा जोडण्यापासून सुरू होत नाही. ते पाटीवरील हिशेबापासून सुरू होते. हा क्रम सोडल्यास काय घडते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो पुढे योग्य स्थळी सांगेन.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. या साधनाने पैशांची मोठी बचत होईल, असे कोणी मनात धरू नये. दिवसाच्या प्रवासाला जेमतेम पाव युनिट वीज लागते व तिची किंमत अल्प असते. खरा लाभ दोन प्रकारचा आहे : वीज नसतानाही परतीची वाट सुकर होते, आणि विद्यार्थ्यांना दाब, प्रवाह, शक्ती व ऊर्जा या चार कल्पना डोळ्यांसमोर काम करताना दिसतात.

थोडी पार्श्वभूमी

प्रकाशामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होऊ शकतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एदमाँ बेकेरेल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले. सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौरघट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. तो आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर करी. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले २० टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक काम देतात. असे ३६ घट एकापुढे एक जोडून जे लहान पॅनेल बनते, तेच आपल्याला येथे उपयोगी पडणार आहे.

पहिला हिशेब : गरज किती?

पायडल मारीत चालविलेल्या विजेच्या सायकलीस दर किलोमीटरला ढोबळ मानाने १० वॅट-तास ऊर्जा लागते. चढ, ओझे व वारा यांप्रमाणे ती वाढते. शाळा १२ किलोमीटर दूर असेल, तर

१२ × २ × १० = २४० वॅट-तास.

सायकलीची बॅटरी ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास असेल, तर तिच्यात ३६ × १० = ३६० वॅट-तास मावतात. म्हणजे गरज बॅटरीच्या दोन-तृतीयांश इतकी झाली.

दुसरा हिशेब : ऊन किती देईल?

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे १००० वॅट प्रति चौरस मीटर इतक्या प्रखर प्रकाशात व घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेले असतात. आपल्याकडे उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापते, आणि तापले की त्याची शक्ती घटते. धूळ, तारा, नियंत्रक व बॅटरी यांतही काही ऊर्जा खर्ची पडते. यास्तव छापील आकड्याच्या ६५ टक्केच हाती येतील, असे धरून चालावे.

निरभ्र दिवशी आपल्याकडील एकूण ऊन सुमारे ५ तासांच्या पूर्ण प्रखर उन्हाइतके भरते. पैकी शाळेच्या वेळेत, म्हणजे साडेदहा ते पाच या अवधीत, साडेतीन तासांइतके मिळते असे समजू. १०० वॅटचे एक पॅनेल घेतल्यास

१०० × ३.५ × ०.६५ = सुमारे २२८ वॅट-तास.

गरज २४० ची आणि मिळकत २२८ ची. एक ढग आला की तूट आणखी वाढणार. १०० वॅटची दोन पॅनेले घेतल्यास ४५५ वॅट-तास मिळतात व हिशेबात शिल्लक राहते. संसाराच्या हिशेबात जशी अडीअडचणीची तरतूद ठेवतात, तशीच ही तरतूद समजावी.

तिसरा हिशेब : बॅटरी किती घेईल?

पुष्कळांची चूक येथे होते. बॅटरीवर ३६ व्होल्ट हे नाव असते, पण ते केवळ नाव आहे. तिच्यात लिथियम घटांचे १० गट एकापुढे एक असतात. पूर्ण भरलेल्या घटाचा दाब ४.२ व्होल्ट, म्हणून पूर्ण बॅटरीचा ४२ व्होल्ट. त्यापुढे एक व्होल्टदेखील चढू देता कामा नये. लिथियमच्या दुसऱ्या जातीच्या बॅटरीत हा आकडा निराळा असतो. तेव्हा बॅटरीच्या नावावर न जाता, सायकलीसोबत आलेल्या मूळ चार्जरवर "आउटपुट" म्हणून जे छापले असेल तेच प्रमाण मानावे. समजा, तेथे ४२ व्होल्ट व २ अँपिअर आहे. मग आपल्या सौर चार्जरनेही तेवढेच द्यावयाचे, अधिक नाही.

चार्ज होताना बॅटरीचा सरासरी दाब ३८ व्होल्ट धरला, तर ३८ × २ = ७६ वॅट ती घेणार. २४० वॅट-तास भरण्यास सव्वातीन तास, आणि शेवटचा टप्पा मंद असल्यामुळे एकंदर चार तासांच्या जवळपास वेळ लागेल. मग २०० वॅटची पॅनेले कशाला, असे कोणी विचारील. ती घाई करण्यासाठी नव्हेत. पूर्ण उन्हात त्यांचे १३० वॅट हाती येतात. म्हणून ऊन साठ टक्के असले तरी बॅटरीला तिचे ७६ वॅट मिळतात.

माझ्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी एका परिचिताकडून मला ३३० वॅटचे जुने पॅनेल मिळाले. त्याच्या पाठीवर ३७ व्होल्ट असा आकडा होता; माझ्या सायकलीची बॅटरी ३६ व्होल्टची. दोन्ही आकडे जुळले असे समजून, जानेवारीतील एका शाळाभेटीच्या दिवशी, मुलांना नवल दाखवावे म्हणून मी पॅनेल व बॅटरी थेट जोडली आणि कार्यालयात दप्तर तपासावयास बसलो. अर्ध्या तासाने सहावीतील एक मुलगी दारात येऊन म्हणाली, "साहेब, त्या पेटीला हात लावून बघा, चटका बसतोय."

तिने हात लावून पाहिला होता. ती तिथे उभी होती आणि मी नव्हतो.

आम्ही मुलांना मैदानाच्या दुसऱ्या टोकास नेले, पॅनेलवर वर्गातील बस्करपट्टी दुहेरी करून टाकली, मग तार काढली आणि बॅटरी वाळूच्या ढिगावर उघड्यावर ठेवली. सायंकाळपर्यंत ती निवली. पुढे ती पुन्हा न वापरता विक्रेत्याकडे जमा केली. आतील संरक्षक मंडल आधीच निकामी झालेले होते, हे तेथे समजले.

चूक दुहेरी होती. पॅनेलवरील ३७ व्होल्ट हा काम करतानाचा दाब होता; त्याच पट्टीवर खाली मोकळ्या टोकांचा दाब ४६ व्होल्ट लिहिलेला होता, तो मी वाचलाच नव्हता. आणि ते पॅनेल जवळजवळ ९ अँपिअर देऊ शकत होते, तर बॅटरीचा चार्जर २ अँपिअरचा होता. दोन गुणाकार व एक तुलना एवढेच काम मी टाळले होते. मुलांना आपण हिशेब तपासून पाहावयास सांगतो. तो नियम मी स्वतःस लावला नाही. ती मुलगी पाच मिनिटे उशिरा आली असती तर काय झाले असते, हा विचार अद्याप मनातून जात नाही.

साहित्य

१. १०० वॅटची दोन पॅनेले. कामाचा दाब १८ व्होल्ट, मोकळ्या टोकांचा दाब २२ व्होल्ट, प्रवाह साडेपाच अँपिअर या सुमाराची.
२. दाब वाढविणारा एमपीपीटी सौर नियंत्रक, ज्यावर अखेरचा दाब व कमाल प्रवाह हे दोन्ही ठरविता येतात.
३. एकदिश प्रवाहासाठी बनविलेले बटण व ५ अँपिअरची वितळतार.
४. पॅनेलपासून नियंत्रकापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची सौर तार. शक्यतो १० मीटरच्या आत.
५. बॅटरीला बसणारी योग्य पिन व एक मल्टिमीटर.

जोडणी

हे काम शिक्षकाने गावातील जाणत्या वायरमनच्या साहाय्याने करावे. विद्यार्थ्यांनी दुरून पाहावे. छतावर काही बसविण्यापूर्वी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांची संमती घ्यावी.

पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून, गावाच्या अक्षांशाइतकी, म्हणजे आपल्याकडे १६ ते २१ अंश, कलती ठेवावीत. पत्र्यावर ठेवताना खाली वीतभर मोकळी जागा सोडावी, म्हणजे वारा खेळून पॅनेल कमी तापते.

दोन्ही पॅनेलांची धन टोके एकत्र व ऋण टोके एकत्र जोडावीत. दाब १८ व्होल्टच राहतो आणि प्रवाह दुप्पट होतो. ती एकापुढे एक जोडू नयेत. कारण मग मोकळा दाब ४४ व्होल्ट होऊन बॅटरीच्या वर जातो, आणि दाब वाढविणारा नियंत्रक, आत येणारा दाबच अधिक असला, तर त्याला आवरू शकत नाही.

नियंत्रकावर अखेरचा दाब ४२ व्होल्ट व प्रवाह २ अँपिअर ठरवावा. वितळतार बॅटरीच्या अगदी जवळ असावी. मल्टिमीटरने धन-ऋण तपासूनच पिन लावावी. नियंत्रकाच्या पुस्तिकेत निराळे सांगितले नसल्यास आधी बॅटरी जोडावी, नंतर पॅनेलाचे बटण लावावे. काढताना पॅनेल आधी व बॅटरी नंतर. पहिले तीन दिवस चार्जिंगच्या अखेरीस दाब स्वतः मोजावा. तो ४२ च्या पुढे गेला, तर साधन तत्काळ बंद करावे.

बॅटरी वर्गात, दप्तरांजवळ वा उन्हात ठेवू नये. व्हरांड्यात, सावलीत, फरशीवर, मुलांच्या जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी व तिच्यावर मोठ्या माणसाची नजर असावी. फुगलेली, ओली झालेली किंवा पडून चेपलेली बॅटरी चार्ज करू नये. बॅटरीतून धूर दिसल्यास ती वाचविण्याच्या भरीस न पडता प्रथम मुलांना दूर न्यावे व मदत बोलवावी.

विजेच्या मोठ्या स्कूटरसाठी ही रचना योग्य नाही. तिची बॅटरी अनेकदा याच्या आठ-दहा पट असते. तिला छतावरील पूर्ण सौरसंच व तिचा मूळ चार्जर हाच मार्ग होय.

वर्गपाठ

विद्यार्थ्यांच्या हाती लिथियम बॅटरी देऊ नये. त्यांच्यासाठी ६ व्होल्टचे तळहाताएवढे पॅनेल व मल्टिमीटर पुरेसे आहे.

पहिली तासिका अंगणात घ्यावी. पॅनेल सूर्यासमोर, तिरपे व आडवे धरून दाब आणि प्रवाह नोंदवावा. सावलीत दाब थोडाच उतरतो, परंतु प्रवाह एकदम घसरतो, हे मुलांच्या तोंडून वदवून घ्यावे. नंतर एका घटावर पिंपळाचे पान ठेवावे. एकच घट पूर्ण झाकला तरी प्रवाह जवळजवळ थांबतो. विहिरीवरून हातोहात घागरी देणाऱ्या रांगेतील एकाने हात आखडला की सारी रांग थबकते, हा दाखला मुलांना तत्काळ पटेल. छतावर झाडाची किंवा टाकीची सावली का चालत नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरी तासिका फळ्यावरील हिशेबाची. वरील तिन्ही हिशेब आपल्या शाळेच्या अंतराने करवून घ्यावेत. उत्तरे निराळी येतील, आणि यावीत.

त्यानंतर रोजची नोंद ठेवावी : काल किती किलोमीटर, आज आकाश कसे, सकाळचा दाब, सायंकाळचा दाब. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हिशेब अनेकदा तुटीचा येईल. ती तूटही प्रामाणिकपणे लिहू द्यावी व त्या दिवसांत मूळ चार्जर वापरावा.

स्वाध्याय

१. शाळा ७ किलोमीटर दूर असल्यास १०० वॅटचे एक पॅनेल पुरेल काय?
२. पॅनेलवर दोन निरनिराळे दाब का लिहिलेले असतात? बॅटरीशी तुलना करताना कोणता विसरता कामा नये?
३. मे महिन्यात ऊन प्रखर असूनही पॅनेल छापील शक्ती का देत नाही?

समारोप

आपण शाळेत जे करतो ते मुले घरी जाऊन करून पाहतात. सांगितलेले विसरतात, पाहिलेले विसरत नाहीत. आज अनेक घरांत जुनी पॅनेले व जुन्या बॅटऱ्या पडून आहेत. ज्या मुलाने गुरुजींना पट्टीवरील आकडे वाचताना, गुणाकार करताना व मगच तार हाती घेताना पाहिले, ते मूल घरीही आधी आकडे वाचील. सायकल चार्ज होईलच. पण या पाठाचे फळ त्या मुलाच्या सावधपणात आहे, असे मी मानतो.