पुढचा संगणक कसा असावा?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नावाचा एक लहानसा घरगुती संगणक विक्रीस आला. घरातील दूरदर्शन संच हा त्याचा पडदा आणि गाण्यांसाठी वापरतात तशी ध्वनिफीत हे त्याचे कोठार. अनेक मुले त्यावर स्वतः आज्ञावली लिहावयास शिकली. परंतु त्याच्या रबरी कळा दाबणे पुष्कळांस रुचले नाही. १९८४ साली 'स्पेक्ट्रम प्लस' निघाला, तेव्हा त्यास अधिक चांगल्या, कठीण कळा बसविलेल्या होत्या. यंत्र वापरणारा मनुष्य त्यातील उणीव ओळखतो आणि पुढचे यंत्र त्या उणिवेतून जन्मास येते.

काही वर्षांनी संगणक पुष्कळ झाले. परंतु विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्यांस आज्ञावली लिहिण्याचा सराव पूर्वीपेक्षा कमी असल्याचे केंब्रिज येथील एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी पत्त्याच्या पानाएवढा एक स्वस्त संगणक घडविला. 'रास्पबेरी पाय' हे त्याचे नाव. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो ३५ डॉलर किमतीस विक्रीस आला. हौशी लोकांनी त्यास दिवे, पंखे, तापमापके जोडली आणि लगोलग 'पुढच्या यंत्रात काय असावे' याची चर्चा सुरू झाली. उपकरणे जोडण्यासाठी पहिल्या यंत्रास २६ टोके होती. २०१४ च्या सुधारित यंत्रास ४० आली. २०१६ मध्ये तारेवाचून जाळ्याशी जोडण्याची सोय त्यातच झाली.

एक मागणी मात्र दीर्घकाळ अपुरी राहिली. या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. वीज गेली की त्याचा काळ थांबे आणि पुन्हा सुरू झाल्यावर तो आंतरजालावरून वेळ विचारून घेई. ज्या शहरात वीज व जाळे सदैव हाताशी असते, तेथे ही उणीव कोणास जाणवणार? परंतु गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश भूभाग वनाने व्यापलेला आहे. पर्लकोटा नदीस पूर येऊन भामरागडचा संपर्क अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. समजा, अशा ठिकाणी एखाद्या शाळेने नदीच्या पाण्याची उंची तासातासाला नोंदविण्यासाठी हा संगणक बसविला. वीज गेली, परत आली, पण जाळे बंदच राहिले. मग पाणी किती चढले हे कळेल. केव्हा चढले हे मात्र चुकीचे नोंदले जाईल. पुराच्या वेळी अशा नोंदीचा काय उपयोग? म्हणून घड्याळाची मागणी ही चैन नव्हे. २०२३ च्या 'रास्पबेरी पाय ५' मध्ये घड्याळ आले. त्याची बॅटरी तेवढी वेगळी घ्यावी लागते.

तथापि प्रत्येक देणगीचे मोल द्यावे लागते. २०१२ च्या यंत्रास साडेतीन वॅट क्षमतेचा वीजपुरवठा पुरत असे. २०२३ च्या यंत्रासाठी २७ वॅट क्षमतेचा पुरवठा सुचविलेला आहे. नवे यंत्र कितीतरी वेगवान आहे; पण ते अधिक तापते आणि जड कामाच्या वेळी त्यास पंख्याची गरज भासते. ज्यास चित्रपट जोडावयाचे आहेत, तो वेग मागतो. ज्यास सौर बॅटरीवर रात्रभर नोंदी ठेवावयाच्या आहेत, तो काटकसर मागतो. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. एकाच यंत्रात मात्र दोघांचेही पूर्ण समाधान होत नाही. म्हणून 'सर्व काही हवे' असे म्हणणाऱ्यापेक्षा 'हे काम आहे, ही अडचण आहे आणि यासाठी अमुक सोडावयास तयार आहे' असे सांगणाऱ्याची मागणी कारागिरास अधिक उपयोगी पडते.

अशा नेटक्या मागणीचे फळ गडचिरोलीच्या भाषेसही मिळाले आहे. येथील अनेक घरांत गोंडी बोलली जाते. जगातील लिप्यांच्या अक्षरांस संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड' या प्रमाणपद्धतीत २०१७ साली मसराम गोंडी आणि २०१८ साली गुंजाला गोंडी या लिपींचा समावेश झाला. ही स्थाने आपोआप मिळाली नाहीत. जाणकारांनी अक्षरांचे तक्ते व लेखनाचे नमुने मांडून ती मिळविली.

यंत्र दूर देशी घडते. त्याच्या कर्त्यास पर्लकोटेचा पूर दिसत नाही आणि गोंडी शब्द ऐकू येत नाही. जो वापरतो त्यानेच ते सांगावयास हवे. जो गप्प राहतो, त्याची गरज पुढच्या यंत्राच्या आराखड्यात उतरत नाही.

स्वाध्याय

१. संगणकातील घड्याळाची उणीव शहरापेक्षा वनप्रदेशात अधिक का जाणवते?
२. वेग आणि काटकसर या दोन मागण्यांत विरोध कसा निर्माण होतो?
३. आपल्या गावातील एका कामासाठी संगणक कसा असावा, हे काम, अडचण व सोडावयाची गोष्ट सांगून दहा ओळींत लिहा.