रक्तातील औषधाचे मोजमाप

औषध आणि विष यांतील अंतर काही वेळा फारच थोडे असते. अपस्मारावरील फेनिटॉइन या औषधाचे प्रमाण रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये साधारणतः १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. ते कमी पडले तर झटके आवरत नाहीत. वाढले तर रोग्याचा तोल जातो व वाचा अडखळते. शिवाय एकच मात्रा दोन रोग्यांच्या रक्तात निरनिराळी पातळी गाठते. म्हणून औषध रक्तात किती उतरले, हे मोजावे लागते.

या मोजमापाचा एक मार्ग प्रतिदीप्तीचा होय. एका रंगाचा प्रकाश शोषून लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणे म्हणजे प्रतिदीप्ती. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणातील निळसर प्रभेच्या आधारे तिचे विवेचन केले. पुढे १९४३ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी व सिडनी उडेनफ्रेंड यांनी हिवतापावरील ॲटेब्रिनचे रक्तातील प्रमाण याच गुणधर्माने मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशा मोजमापांवरून कळले की हे औषध ऊतकांत साठते व रक्तातील पातळी सावकाश चढते. तेव्हा आरंभीची मात्रा मोठी ठेवणे इष्ट ठरले.

परंतु क्विनीन व ॲटेब्रिन स्वतःच प्रकाशतात. बहुसंख्य औषधांना हा गुण नसतो. त्यांच्यासाठी प्रकाश उसना घ्यावा लागतो. तो देतात अतिसूक्ष्म कण. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे नॅनोमीटर. कॅडमियम सेलेनाइडसारख्या अर्धसंवाहकांचे ‘क्वांटम बिंदू’ अशा काही नॅनोमीटरांचेच असतात. लहान बिंदू निळा, तर मोठा बिंदू तांबडा प्रकाश देतो. त्यांचा शोध व निर्मिती यांसाठी बावेंडी, ब्रूस व एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २००४ मध्ये कार्बनचेही असे प्रकाशणारे कण आढळले. त्यांत कॅडमियमसारखा विषारी धातू नसतो.

या कणांवर विवक्षित औषधालाच धरून ठेवणारे रेणू बसवतात. औषध त्यांना चिकटले की कणाचा प्रकाश मंदावतो किंवा वाढतो, आणि त्या फरकावरून औषधाचे प्रमाण काढता येते.

शुद्ध पाण्यात हे जितके सरळ, तितके रक्तात नाही. हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते, रक्तातील काही घटक स्वतःच मंद प्रकाशतात आणि प्रथिने कणांभोवती थर धरतात. शिवाय फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेला असतो. परिणाम घडवतो तो उरलेला मुक्त अंश. म्हणून पाण्यात यशस्वी झालेला संवेदक रक्ताच्या कसोटीस उतरेपर्यंत त्याच्या आकड्यावरून रोग्याची मात्रा ठरवणे धोक्याचेच होय.