दारचा कुत्रा आणि घरची मुले

कर्जत व खालापूर या तालुक्यांत ज्याच्या दारी कुत्रा नाही असे घर विरळाच. कुंभिवलीच्या बाजूस जा, किंवा डोंगराच्या पायथ्याशी एखाद्या ठाकरवाडीत अथवा कातकरवाडीत जा. पाहुण्याची चाहूल घरधन्याच्या आधी कुत्र्यास लागते. खळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, रानात शेळ्यांच्या मागे तोच राखणीस असतो. इतकी चाकरी करणाऱ्या या मुक्या सोबत्याचे आपण काय देणे लागतो, आणि ते देणे न फेडल्यास त्याचे फळ आपल्या मुलाबाळांस कसे भोगावे लागते, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. हा कुत्रा कोणाचा?

आपल्या खेड्यांतील पुष्कळ कुत्रे एकाचे नसतात व सर्वांचे असतात. एका दारी भाकरीचा तुकडा, दुसऱ्या दारी पेजेचे पाणी, असा त्यांचा निर्वाह चालतो. कुत्रा राखण करतो तोवर प्रत्येक घर त्यास आपला म्हणते. तो कोणास चावला म्हणजे मात्र तो कोणाचाच राहत नाही. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. जो त्यास अन्न घालतो त्याचा तो कुत्रा होय, आणि अन्न घालणाऱ्याने त्यास लसही टोचून घेतली पाहिजे. एवढी एक गोष्ट गावाने मान्य केली, तर या धड्यात पुढे सांगितलेले बहुतेक दुःख टळेल.

२. पिसाळ रोग म्हणजे काय?

ज्यास आपण कुत्रा पिसाळणे म्हणतो त्या रोगास डॉक्टर लोक रेबीज म्हणतात. तो नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराचे वर्णन आले असून, दंश झालेल्या मनुष्यास पाण्याचे भय वाटू लागले म्हणजे तो वाचत नाही, असे तेथेही सांगितले आहे. आज इतक्या शतकांनंतरही हे विधान जवळजवळ तसेच खरे आहे.

या रोगाचे विष म्हणजे एक अतिसूक्ष्म विषाणू होय. तो रोगी जनावराच्या लाळेत असतो व चावल्याने, नखाच्या ओरखड्याने, किंवा उघड्या जखमेस लाळ लागल्याने शरीरात शिरतो. तेथून तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. कधी थोडे दिवस, कधी वर्षभरही लागते. चेहरा, मान व हात येथील जखम अधिक भयंकर, कारण तेथून मेंदूची वाट जवळ आहे. विष मेंदूत पोहोचले की घोटभर पाण्याने, इतकेच नव्हे तर वाऱ्याच्या झुळुकीनेही, रोग्याच्या घशास आचके येतात. त्यानंतर औषध नाही. परंतु विष वाटेत आहे तोवर लस त्यास अडवू शकते. यास्तव या रोगात सर्व काही वेळेवर अवलंबून आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात. मनुष्यास होणाऱ्या शंभर दंशजन्य रेबीजपैकी नव्याण्णव कुत्र्यापासून होतात, आणि मरणाऱ्यांत दहांपैकी चार पंधरा वर्षांखालील मुले असतात. मूल कुत्र्याशी खेळते, बुटके असल्यामुळे त्यास तोंडावर दंश होतो, आणि मार बसेल या भीतीने ते घरी सांगत नाही. म्हणून आईबापांनी मुलांस हे निक्षून सांगावे की, कुत्रा चावल्याचे सांगणाऱ्यास या घरात कधीही मार बसणार नाही.

३. चौदा सुयांची भीती

पुष्कळ वडील माणसे दवाखान्यात जाण्यास कचरतात, त्याचे कारण पोटात घेतल्या जाणाऱ्या चौदा सुया हे होय. ही भीती एके काळी निराधार नव्हती. पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचली व तो वाचला. आपल्या देशात १९०० साली कसौली येथे पाश्चर संस्था निघाली, आणि तेथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची रीत बसविली. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्थेतही पुढे श्वानदंशावरील लस होऊ लागली. सेंपल यांच्या लसीने असंख्य जीव वाचले. तथापि ती पोटात अनेक दिवस टोचावी लागे व क्वचित तिच्यापासून अपायही होई. ती भारतात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात थोड्याच सुया घ्याव्या लागतात. पहिला दिवस शून्य धरून त्या ३ऱ्या, ७व्या व २८व्या दिवशी, आणि दुसऱ्या एका पद्धतीत १४व्या दिवशीही देतात. सरकारी दवाखान्यात ही लस विनामूल्य मिळते. सबब आजोबांच्या वेळच्या सुयांचे भय नातवाच्या जिवावर बेतू देऊ नये.

४. दंश झाल्यावर काय करावे?

पहिले: जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. विष धुऊन काढण्याचा यापरता सोपा उपाय नाही, आणि तो गरिबातल्या गरिबाच्या घरीही आहे.

दुसरे: जखमेवर मिरची, चुना, हळद, तेल अथवा पाला लावू नये, घट्ट बांधू नये.

तिसरे: त्याच दिवशी दवाखाना गाठावा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, चौकचे ग्रामीण रुग्णालय अथवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, जे जवळ असेल तेथे जावे. रक्त आले असेल तर लसीखेरीज जखमेत आणखी एक औषध, ज्यास इम्युनोग्लोबुलिन म्हणतात, टोचावे लागते. ते तेथे नसल्यास ते कोठे मिळेल हे डॉक्टरांस विचारून तेथे जावे.

चौथे: कुत्र्यास मारू नये, दहा दिवस त्यावर नजर ठेवावी. तो दहा दिवस धडधाकट राहिला तर दंशाच्या वेळी त्याच्या लाळेत विष नव्हते असे समजते, आणि पुढील सुयांविषयी डॉक्टर सांगतील. परंतु पहिली सुई या दहा दिवसांची वाट पाहत थांबवू नये.

मांजर, माकड, मुंगूस व कोल्हा यांच्या दंशासही हाच नियम. लहान पिल्लाचा ओरखडा क्षुल्लक मानणे ही मोठी चूक होय.

येथे भगताविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. लोक म्हणतात, अमक्यास कुत्रा चावला, भगताने मंत्र घातला, तो बरा झाला. विचार करा: चावणारे बहुतेक कुत्रे पिसाळलेले नसतात. त्यांच्या दंशाने मनुष्य मरणार नव्हताच. मंत्राचे यश ते खरोखर निरोगी कुत्र्याचे यश होय. परंतु ज्या दिवशी कुत्रा खरोखरच पिसाळलेला असतो त्या दिवशी मंत्र चालत नाही, आणि तोवर लसीची वेळ निघून गेलेली असते. मंडळीतील उपदेशकांनी व शिक्षकांनी हे लोकांस रागाने नव्हे तर शांतपणे समजावून द्यावे, आणि शक्य तर दंश झालेल्याबरोबर स्वतः दवाखान्यापर्यंत जावे.

५. कुत्र्याचा स्वभाव व निगा

कुत्रा विनाकारण क्वचितच चावतो. खाताना, झोपेत, पिल्ले जवळ असताना किंवा दुखणे असताना त्यास छेडले म्हणजे तो चावतो. दिवसभर आखूड साखळीने बांधलेला कुत्रा चिडखोर होतो. मुलांस शिकवावे की अंगावर येणाऱ्या कुत्र्यापुढून पळू नये. हात अंगाशी धरून, त्याच्या डोळ्यांत न पाहता, उभे राहावे. नेहमीचा शांत कुत्रा एकाएकी लाकूड व माती चावू लागला, त्याचा आवाज बदलला, जबडा लोंबून लाळ गळू लागली, किंवा तो अंधारात लपून बसू लागला, तर त्याजपासून दूर राहून पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. तो पाणी पितो म्हणून पिसाळलेला नाही असे समजू नये. पाण्याचे भय हे मनुष्यातील लक्षण आहे.

त्यास रोज स्वच्छ पाणी, सावली व पोटभर अन्न द्यावे. पिल्लास तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस टोचावी, व पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. गोचिडी व पिसवा काढाव्या, जंताचे औषध द्यावे. बकरे कापल्यावर त्याची कच्ची आतडी व फुप्फुसे कुत्र्यापुढे टाकू नयेत. त्यांतील फोडांपासून कुत्र्याच्या पोटात एक बारीक जंत वाढतो, आणि त्याची अंडी हाताने आपल्या तोंडात गेल्यास मनुष्याच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्यास हात लावल्यावर जेवणापूर्वी हात धुणे हाच त्यावरील उपाय.

पावसाळ्यात आणखी एक सामाईक रोग संभवतो, तो लेप्टो होय. उंदीर, गुरे व कुत्रे यांच्या मूत्रातून तो पाण्यात उतरतो आणि लावणीच्या चिखलात पायाच्या भेगांतून शरीरात जातो. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व लाल डोळे ही लक्षणे दिसताच दवाखान्यात जावे. आरंभी औषध सोपे आहे.

६. गावाने काय करावे?

१८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून मोठी दंगल झाली. त्या काळी दुसरा उपाय जगात कोणासच ठाऊक नव्हता. आज तो ठाऊक आहे. शेजारच्या गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात वर्षास ९५,००० हून अधिक कुत्र्यांस लस टोचून शंभरांतील सत्तर कुत्र्यांचे प्रमाण गाठण्यात आले, आणि दरवर्षी दीड लाख मुलांस या रोगाची शिकवण देण्यात आली. परिणामी मनुष्यांतील रेबीजचे मृत्यू थांबले व कुत्र्यांतील रोग शेकडा ९२ ने घटला. हे ज्ञान कोकणच्या हद्दीवर अडत नाही. आपल्या वाडीतील कुत्री मोजावी, त्यांच्या अन्नदात्यांची नावे लिहावी, आणि २८ सप्टेंबर, जो पाश्चर यांचा स्मृतिदिन व जागतिक रेबीज दिन आहे, त्या सुमारास पशुवैद्यांस बोलावून सर्वांस एकाच दिवशी लस टोचून घ्यावी. शंभरांत सत्तर पुरतात. वीस कुत्र्यांच्या वाडीत चौदा. हे काम कोणत्याही वाडीच्या आवाक्याबाहेरचे नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

(१) ज्यास आपण अन्न घालतो त्या कुत्र्याचे आपण आणखी काय देणे लागतो?
(२) दंश झाल्यावर पहिली पंधरा मिनिटे काय करावे?
(३) मंत्राने बरे झाल्याचा भास का होतो?
(४) कुत्रा चावल्याचे मूल का लपविते, व आईबापांनी काय करावे?
(५) आपल्या वाडीत कुत्री किती, आणि त्यांपैकी लस टोचलेली किती?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते पुढील आठवड्यापूर्वी वाडीत फिरून मिळवावे.