टवका उडालेले व्हेनियर : डागडुजी की बदल?

समोरच्या दाताचा रंग वा आकार सुधारण्यासाठी त्याच्या दर्शनी भागावर जो पातळ पापुद्रा चिकटवतात, त्याला व्हेनियर म्हणतात. अमेरिकन दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले. पण ते चित्रीकरणापुरतेच. 1955 साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाताचे कवच आम्लाने खरखरीत केल्यास त्यावर राळ घट्ट धरते, हे दाखवून दिले. 1983 च्या सुमारास पोर्सेलिनचा पापुद्राही याच रीतीने चिकटवता येऊ लागला.

हा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. दाताने सुपारी फोडणे, दोरा तोडणे, झोपेत दात खाणे यांमुळे त्याचा टवका उडतो. माझ्या मामेबहिणीचे असेच झाले आणि तिला ‘नवेच बसवा’ असा सल्ला मिळाला. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. ‘तू शिकलेली, तूच विचारून सांग,’ असे मामी म्हणाली. वाचून व विचारून जे समजले, ते येथे मांडते.

टवका अगदी बारीक असेल तर कड घासून गुळगुळीत केली की भागते. थोडा मोठा असेल तर दाताच्या रंगाचे काँपोझिट भरतात. त्यासाठी प्रथम रबराचा पडदा लावून हिरडी झाकतात, कारण येथे वापरायचे हायड्रोफ्लोरिक आम्ल फार दाहक असते. आम्लाने पोर्सेलिन खरखरीत झाले की सायलेन नावाचे द्रव्य लावतात, मग राळ, त्यावर काँपोझिट, आणि शेवटी निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. काम बहुधा एका बैठकीत होते. मात्र काँपोझिटवर कालांतराने डाग पडतात.

पापुद्रा आरपार तडकला असेल किंवा आत कीड शिरली असेल, तर बदलणेच योग्य. अख्खा निघून आला असेल तर जपून दंतवैद्यांकडे न्यावा; पुष्कळदा तोच पुन्हा चिकटवता येतो.

खरा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे. जुना पापुद्रा घासून काढताना दाताचे कवचही थोडे झिजू शकते, आणि ते पुन्हा येत नाही. कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच नष्ट होतात. कवच सरले की आतल्या दंतिनावर पकड कमी बसते. म्हणून ‘नवे केव्हा बसवू?’ याआधी ‘डागडुजी होईल का?’ असे विचारावे. बहिणीने तसे दुसऱ्या दंतवैद्यांना विचारले. तिचा कोपरा भरून निघाला, दात शाबूत राहिला.