बैठे काम आणि उभे काम

मुंबईच्या पूर्व उपनगरात, ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे, हार्बर रेल्वेमार्गावर मानखुर्द हे स्थानक आहे. तेथील आणि लगतच्या गोवंडीतील वस्त्यांत जरीकाम करणारे अनेक कारागीर राहतात. लहानशा खोलीत, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडापुढे ते मांडी घालून बसतात आणि आरीच्या टोकाने मणी, टिकल्या व जर कापडावर गुंफतात. मान खाली, पाठ वाकलेली, दृष्टी आरीवर खिळलेली. सकाळी मांडलेले ठाण तासन् तास हलत नाही. बाहेर रस्त्यावर मात्र निराळेच दृश्य दिसते. इस्त्रीवाला, न्हावी, वडे तळणारा यांना दिवसभर टेकायलाही सवड नसते. एकाची पाठ धरते, तर दुसऱ्याच्या पोटऱ्या भरून येतात. बसलेल्याला उभ्याचा हेवा वाटतो आणि उभ्याला बसलेल्याचा! मग या दोघांत सुखी कोण?

हा प्रश्न जुना आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, असा त्याचा आग्रह होता. सतत बसणारे शिंपी व चांभार पाठीने वाकतात आणि सतत उभे राहणाऱ्यांच्या पायांच्या शिरा फुगतात, हे त्याने पाहिले होते. बसणाऱ्याने व्यायाम करावा व उभ्याने मधूनमधून बसावे, असा सल्ला त्याने दिला.

पुढे १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक आणि वाहक एकाच गाडीवर काम करीत. परंतु चालक जागेवर बसून असे, तर वाहक तिकिटे देत दिवसभर जिने चढे-उतरे. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. चालक नोकरीस लागतानाच अधिक स्थूल असत, हेही मॉरिस यांनीच पुढे दाखविले. तेव्हा सारा दोष एकट्या बैठकीचा नव्हे. तरीही हालचाल हितकारक असते, हे नंतरच्या अनेक अभ्यासांनी पक्के केले.

याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. हृदय रक्त पायांपर्यंत पोहोचविते. पण तेथून ते वर चढताना त्याला पोटरीच्या स्नायूंचे साहाय्य लागते. पाऊल उचलले की हे स्नायू आवळतात व नीला दाबून रक्त वर ढकलतात. नीलांतील झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस निश्चल उभा राहिला, की हा पंप थांबतो. रक्त पायांत साचते, घोटे सुजतात. माणूस बसून राहिला, की मांड्यांचे मोठे स्नायू स्वस्थ पडतात, रक्तातील साखर कमी खर्च होते आणि वाकलेल्या मणक्यांवर ताण येतो. म्हणजे दोष बसण्यात नाही, उभे राहण्यातही नाही. एकाच स्थितीत अडकून राहण्यात आहे. अति तेथे माती, ही म्हण येथेही लागू पडते.

उपाय सोपा दिसतो. अर्ध्या-पाऊण तासाने बसणाऱ्याने उठावे, चार पावले चालावे. उभ्याने घटकाभर बसावे. परंतु हातावर पोट असणाऱ्याला हे नेहमीच साधत नाही. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला उठण्यात गेलेला क्षणही महाग वाटतो. दुकानातील नोकराला मालकाची भीती वाटते. म्हणूनच या बाबतीत कायद्याला लक्ष घालावे लागले. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवावी, असे भारताच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरविले. दुकानांतील नोकर मात्र त्या तरतुदीबाहेर राहिले. केरळात दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली तेथील कायद्यात तशी तरतूद झाली. २०२१ साली तामिळनाडूनेही तोच मार्ग धरला. एका साध्या बाकड्यासाठी माणसांना झगडावे लागले!

जरीचा एक वेल पुरा झाला, की कारागिराने उठून खिडकीशी जावे. इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळ एक उंच स्टूल असावे. त्याने काम अडत नाही; उलट ताजा झालेला हात अधिक नेटके काम करतो. श्रमाला प्रतिष्ठा द्यावयाची, तर श्रमणाऱ्याच्या पाठीची आणि पायांचीही काळजी घेतली पाहिजे.

अभ्यास

१. जरीकाम करणारे कारागीर व इस्त्रीवाला यांच्या कष्टांत कोणता फरक आहे?
२. पायांतील रक्त वर कसे चढते, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘एका साध्या बाकड्यासाठी माणसांना झगडावे लागले!’ असे का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : ठाण मांडणे, हातावर पोट असणे, हेवा वाटणे.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारातील एका व्यक्तीचे काम पाहा. तिला किती वेळ बसावे व किती वेळ उभे राहावे लागते, ते लिहा.