भिंतीवरचा मोर

दिवाळी आली की घरची बाई ओसरी सारवते. भिंतीला गेरूचा पट्टा ओढते. अंगणात रांगोळी घालते. तिला हे कोणी शिकवलं? आईने, नाही तर सासूने. पण तिला आपण चित्रकार म्हणतो का? नाही म्हणत.

चित्रकला शिकवणारे एक मोठे गुरुजी मात्र अशा बायांची चित्रे पाहायला गावोगाव फिरले. त्यांचे नाव ज्योती भट्ट. नाव बाईमाणसाचे वाटते, पण आहे ते पुरुषाचे. १९३४ साली गुजरातेत भावनगरला त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या कलाशाळेत ते शिकले. तिथे त्यांचे एक गुरू होते नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे मराठी गृहस्थ. १९५९ पासून तीसहून जास्त वर्षे भट्टांनी त्याच शाळेत मुलांना शिकवले.

मध्यंतरी ते इटली आणि अमेरिका या देशांत जाऊन छापाची चित्रे करायला शिकले. ती कशी करतात? धातूच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या. त्यांत शाई भरायची आणि वरची शाई पुसून घ्यायची. मग ओला कागद ठेवून यंत्राने दाबायचा. रेघांतली शाई कागदावर उतरते. एका पत्र्यातून पुष्कळ चित्रे निघतात. भट्टांच्या अशा चित्रांत मोर आहेत, गोंदणाच्या खुणा आहेत, अक्षरेसुद्धा आहेत. हे सारे खेड्यातल्या भिंतींवर आणि माणसांच्या अंगावर त्यांनी पाहिलेले होते.

१९६७ साली गुजरातच्या लोककलेचे फोटो काढण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम संपले, पण त्यांचे फिरणे काही संपले नाही. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन निघायचे. राजस्थानात सवाई माधोपूरकडे मीणा समाजाच्या बाया भिंतीवर जनावरे काढतात. हातात कुंचला नसतो बरं का! चिंधीचा बोळा पांढऱ्या रंगात बुडवायचा आणि बोटावरून रंग ओघळू द्यायचा. जनावर गाभण असेल, तर त्याच्या पोटातले पिल्लूही दाखवायचे. डोळ्यांना दिसत नाही ते! कलाशाळेत आधी समोर दिसेल ते काढायला शिकवतात.

भट्टांनी नुसत्या भिंतीचा फोटो काढला नाही. भिंतीपुढची खाट, शेळी, पोर, ती बाई, सगळे त्यात येते.

भिंत पुन्हा लिंपली की जुने चित्र बुजते. त्याचे दुःख नाही, बाई नवे काढतेच. पण घर सिमेंटचे झाले, भिंतीला तेलाचा रंग लागला, की नवे निघत नाही. सुनेला मग ते येतही नाही. अशा किती तरी भिंती आज नाहीत, त्यांचे फोटो तेवढे आहेत. सरकारने २०१९ साली भट्टांना पद्मश्री दिली.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी हेडमास्तर होतो. साहेब तपासणीला यायचे होते. शाळेच्या पडवीत एका मुलीच्या आजीने गेरूने मोर काढला होता. मला तो गबाळा वाटला. मी त्यावर चुना मारून घेतला. म्हातारी आली, भिंतीकडे पाहिलं, आणि काही न बोलता नातीला घेऊन गेली.

पुढे भट्टांचे फोटो एका पुस्तकात पाहिले, तेव्हा तो मोर आठवला. म्हातारी तोवर वारली होती. मोराची मान कुठल्या बाजूला होती, तेही आता मला सांगता येत नाही.